राजा नसलेल्या शहराची घराणी

इंग्लंडातील जुन्या बाजारगावांचे स्थानिक इतिहास वाचीत असता एक गोष्ट वारंवार दृष्टोत्पत्तीस येते, ती ही की गावाच्या मध्यभागी एक चर्च असते, त्या चर्चच्या फरशीखाली एकाच जमीनदार घराण्याच्या कित्येक पिढ्या विसावलेल्या असतात, आणि गावाचा इतिहास म्हणून जो ग्रंथ हाती येतो तो पुष्कळदा त्या घराण्याची बखरच असतो. आपल्याकडे याला जोड शोधावयाची तर संस्थानी गावांकडे वळावे लागेल. भोसल्यांना वगळून अक्कलकोटचा, डफळ्यांना वगळून जतचा किंवा पटवर्धनांना वगळून सांगलीचा इतिहास कोणाला लिहिता येणार नाही. सोलापूर मात्र या साच्यात बसत नाही. येथे भुईकोट किल्ला आहे, त्याला लागून विस्तीर्ण तळे आहे, वेशी होत्या, पेठा आहेत, शतकानुशतके भरत आलेला बाजार आहे. नव्हता तो फक्त राजा. किल्ला बहामनींचा झाला, आदिलशाहीचा झाला, मोगलांचा झाला, निजामाचा आणि अखेर पेशव्यांचा झाला. किल्लेदार आले, शिबंदी पोसून, वसूल घेऊन निघून गेले, आणि त्यांपैकी एकाचेही घराणे या गावात रुजले नाही. जी घराणी येथे नावारूपास आली ती निराळ्याच वाटांनी आली, आणि त्या वाटांचा मागोवा घेणे हाच या शहराचा इतिहास लिहिण्याचा खरा मार्ग आहे असे मला वाटते.

किल्ल्याचे प्रकरण थोडक्यात आटोपावयाचे म्हटले तरी त्यातील एक प्रसंग सोडवत नाही. सोळाव्या शतकात हे ठाणे दोनदा राजकन्यांच्या हुंड्याच्या बोलीत आले. बुऱ्हाण निजामशहाला विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण देण्यात आली तेव्हा सोलापूर आंदण देण्याचे ठरले, पण विजापूरकरांनी ते दिले नाही, आणि त्या न दिलेल्या हुंड्यापायी अहमदनगर व विजापूर या दोन दरबारांत पुढे कित्येक वर्षे तलवारी परजल्या गेल्या. पुढे उलट दिशेने वरात निघाली. हुसेन निजामशहाची कन्या चांदबिबी अली आदिलशहाच्या घरी गेली आणि तिच्याबरोबर सोलापूरही विजापूरकडे गेले. या सोयरिकीने जुळलेली एकी १५६५ साली विजयनगराच्या विध्वंसास कारणीभूत झाली हे सर्वश्रुत आहे. परंतु ज्या गावाची ही देवघेव चालली होती त्या गावातील कुणब्याला, साळ्याला किंवा कुंभाराला आपला धनी बदलल्याची वर्दी बहुधा वसुलाचा कारकून बदलला तेव्हाच लागली असेल. १६६८ मध्ये हे ठाणे मोगलांकडे गेले. औरंगजेबाने १६९५ ते १६९९ पर्यंत भीमेच्या काठी ब्रह्मपुरीस तळ दिला तेव्हा हा सारा टापू बादशाही छावणीचे कोठार बनला. मराठेशाहीचा शेवटही याच मुलखात झाला. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या रणांगणावर पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले आणि त्याच वर्षी मे महिन्यात जनरल मन्रोने सोलापूरच्या पेठेवर चाल केली. पेशव्यांच्या तोफखान्याचे गणपतराव पानसे या लढाईत जखमी झाले आणि थोड्याच दिवसांत किल्ल्यावरील निशाण उतरले.

पेशवाईच्या उत्तरकाळात या गावाने पुण्याला एक अपूर्व देणगी दिली. राम जोशी हे येथील वेदविद्यासंपन्न घराण्यातले. थोरले बंधू मुद्गलभट पुराण सांगणारे आणि धाकटे रामभाऊ धोंडी शाहिराच्या फडात रमणारे. ब्राह्मणाच्या घरी डफ-तुणतुण्याचा नाद लागला म्हणून घरातून बाहेर पडावे लागले, आणि तोच छंद पुढे त्यांना पुणे दरबारी घेऊन गेला. मुद्गलभटांच्या पुराणाला किती श्रोते जमत असत याची नोंद ठेवण्याची गरज कोणास वाटली नाही. रामभाऊंच्या लावण्या मात्र महाराष्ट्राने तोंडपाठ केल्या. घराण्याने टाकलेला मुलगाच घराण्याचे नाव राखतो, याचे हे सोलापुरी उदाहरण होय.

या गावातील सर्वांत जुना मान मात्र सत्तेतून किंवा विद्येतून उद्भवलेला नाही. तो एका तळ्यातून उद्भवला आहे. बाराव्या शतकात सिद्धराम नावाचा शिवयोगी सोन्नलगी, म्हणजे आजच्या सोलापूर, गावी होऊन गेला. बसवेश्वरांचा हा समकालीन आणि कानडी वचनकारांतील अग्रगण्य पुरुष. परंतु त्याचे मोठेपण मला वचनांइतकेच त्याने आपल्या अनुयायांकडून खणून घेतलेल्या तळ्यात दिसते. दुष्काळाच्या पट्ट्यात वसलेल्या गावाला पाणी देणारा संत हाच त्या गावाचा ग्रामदेव व्हावा यात नवल ते काय? सिद्धरामांनी, म्हणजेच सिद्धेश्वरांनी, गावाभोवती अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, आणि मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत उंच नंदीध्वज खांद्यावर पेलून, पांढरी बाराबंदी घातलेले भक्त त्या अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा करतात. पहिल्या दिवशी तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता, मग होम मैदानावरील विधी आणि शेवटी दारूकाम, असा हा क्रम आहे. एका कुंभारकन्येने सिद्धरामांशी विवाहाचा हट्ट धरला आणि त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचे लग्न लावून दिले, ही कथा त्या अक्षतेमागे आहे.

या सोहळ्यात कोणी कोठे उभे राहावयाचे याची जी वहिवाट आहे ती मला एखाद्या सनदेपेक्षाही अधिक बोलकी वाटते. सात नंदीध्वजांतील पहिला मान हिरेहब्बू घराण्याचा, दुसरा कसब्यातील देशमुखांचा, तिसरा लिंगायत माळी समाजाचा. त्यामागे विश्वब्राह्मणांचे आणि सरतेशेवटी मातंग समाजाचे ध्वज निघतात. कट्ट्यावर संमतीचे कानडी वचन वाचण्याचा अधिकार शेटे घराण्याकडे चालत आला आहे. महसुलाचा धनी असलेल्या देशमुखाने येथे पूजेच्या मानकऱ्यामागे चालावयाचे असते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. अर्थात या क्रमात मातंगांना मान मिळाला तो शेवटी, हेही तितकेच खरे. परंपरेने सर्वांना पंगतीस घेतले, पण पान कोणाचे कोठे हे ठरवूनच घेतले.

इंग्रजी अंमलात सोलापूरचा जिल्हा झाला, १८५२ साली नगरपालिका झाली, आणि जून १८६० मध्ये आगगाडी येऊन पोचली. या शेवटच्या घटनेने जे घडविले ते तीनशे वर्षांच्या लढायांनी घडविले नव्हते. लोहमार्ग पुढे वाढत १८७१ मध्ये रायचुरास मद्रासच्या लोहमार्गाला मिळाला. परंतु तोवर मोगलाईतून, म्हणजे निजामाच्या मुलखातून, येणारा कापूस, गळिताचे धान्य आणि ज्वारी यांचा ओघ सोलापूरच्या स्थानकाकडे वळला होता. नेमक्या याच दशकात अमेरिकेत यादवी युद्ध जुंपले, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला, आणि काळ्या मातीतील बोंडाला सोन्याचे मोल आले. चाटी गल्लीत कापडाची, भुसार गल्लीत धान्याची आणि सराफ कट्ट्यावर दागिन्यांची व सावकारीची उलाढाल वाढली. आडते, दलाल, हुंडीवाले यांची नवी दुनिया उभी राहिली. लिंगायत वाणी येथे पूर्वीपासूनच होते. त्यांच्या शेजारी आता गुजराती, मारवाडी आणि कच्छी पेढ्या थाटल्या गेल्या.

या पेढीवाल्यांपैकी दोशी घराण्याची हकीकत सविस्तर सांगण्याजोगी आहे. सौराष्ट्रातील वांकानेरकडून महाराष्ट्रात आलेले हे हुमड दिगंबर जैन कुटुंब. शेठ हिराचंद नेमचंद कापसाचा आणि सावकारीचा व्यवहार सांभाळीत. परंतु त्यांचे चित्त केवळ खतावणीत गुंतलेले नव्हते. जैन समाजातील जुनाट चालींवर टीका करणारे ‘जैन बोधक’ नावाचे नियतकालिक त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात सोलापुरातून सुरू केले, आणि तेही मराठीतून. घरात गुजराती, देवळात प्राकृत व बाजारात कानडी-तेलुगू असताना या व्यापाऱ्याला सुधारणेची भाषा म्हणून मराठी जवळची वाटली, हे विशेष. त्यांच्या नावाचे वाचनालय आजही शहरात आहे. याच घराण्यातील सखाराम नेमचंदांच्या नावाने औषधालय निघाले. पुढच्या काळात याच समाजातील जीवराज गौतमचंद दोशी यांनी संसार सोडून आपली मिळकत जैन संस्कृति संरक्षक संघाला दिली आणि त्यांच्या नावाच्या ग्रंथमालेतून आदिनाथ उपाध्ये व हिरालाल जैन या पंडितांनी संपादिलेला ‘तिलोयपण्णत्ति’सारखा प्राकृत ग्रंथ प्रकाशात आला. कापसाच्या नफ्यातून प्राकृत विद्येचा जीर्णोद्धार व्हावा, हा योग सोलापूरच्या पेढीवर घडला.

हिराचंदांचे चिरंजीव वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा. वडिलांच्या पेढीवर बसून कापसाच्या भावावर नजर ठेवणे या तरुणाला मानवले नाही. लक्ष्मणराव बळवंत फाटक या रेल्वेतून कारकुनी सोडून आलेल्या ब्राह्मण गृहस्थाशी भागी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या वाढीव मार्गाचे काम मक्त्याने घेतले. बार्शी हे या जिल्ह्यातील दुसरे मोठे बाजाराचे गाव. भगवंताच्या देवळाभोवती वसलेले आणि धान्याच्या आडतीवर पोसलेले. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने मुख्य लोहमार्गावरील बार्शी रोडपासून, म्हणजे कुर्डुवाडीपासून, तेथवर अडीच फुटी रुळांची गाडी नेली, आणि १९०६ मध्ये ती पंढरपुरास व १९११ मध्ये लातुरास पोचली. अरुंद रुळांवरची ही गाडी म्हणजे जगभरच्या अभियंत्यांच्या कुतूहलाचा विषय; सोलापूरकरांना मात्र तिचे महत्त्व असे की तिच्या भरावावर माती टाकता टाकता वालचंद हिराचंद तयार झाले. ५ एप्रिल १९१९ रोजी ज्यांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ बोट मुंबईहून विलायतेस निघाली, ज्यांनी १९४० साली बंगळुरास विमानांचा कारखाना आणि त्यापाठोपाठ विशाखापट्टणास जहाजांचा कारखाना उभारण्यास हात घातला, ते गृहस्थ समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या, पाऊस न पडणाऱ्या गावचे होते. सोलापूरने त्यांना वाढविले. पण त्यांच्या भांडवलाचा मोठा वाटा सोलापूरला मिळाला नाही, हेही नमूद केले पाहिजे. उसाचे मळे आणि साखर कारखाना त्यांनी इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर उभारला, त्यालाच आज वालचंदनगर म्हणतात.

सोलापूरला गिरणगाव केले ते बाहेरच्यांनी. मुंबईचे भाटिया शेठ मोरारजी गोकुळदास यांनी १८७४ साली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी स्थापिली. गिरणीचे चाक फिरू लागले त्या १८७७ च्या सुमारास जिल्ह्यात भीषण दुष्काळ पडला होता, आणि ज्याला शेतात काम नव्हते त्याला साच्यावर काम मिळाले. गिरणी आणि दुष्काळ यांची ही जुळणी योगायोगाची खरी, पण तिच्यामुळे मजुरीचा दर मालकाला हवा तसा राखता आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. ही गिरणी पुढे ‘जुनी गिरणी’ या नावानेच ओळखली जाऊ लागली, कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या पहिल्या दशकात तिच्या शेजारी नव्या गिरण्या उभ्या राहिल्या: हैदराबादच्या गोसावी महंत-सावकारांपैकी राजा नरसिंगगिरजी यांची, लक्ष्मी आणि विष्णू या नावांच्या दोन, आणि जामश्री रणजितसिंहजी गिरणी, जिला गावकरी नुसते ‘जाम मिल’ म्हणतात. क्रिकेटच्या मैदानावर इंग्रजांना थक्क करून सोडणाऱ्या नवानगरच्या जामसाहेबांचे नाव सोलापूरच्या मजुराच्या पगारपत्रकावर छापलेले असे, आणि त्यास त्यात काही विशेष वाटत नसे.

गिरणीच्या या युगातील स्थानिक घराणे म्हणजे वारदांचे. रावबहादूर मल्लप्पा वारद, ज्यांना गाव आप्पासाहेब म्हणून ओळखते, हे लिंगायत व्यापारी. सिद्धेश्वराच्या सेवेत जितके अग्रेसर तितकेच नव्या उद्योगांच्या उभारणीत. त्यांनी बांधविलेले ‘इंद्रभुवन’ पाहिले म्हणजे त्या काळच्या सोलापूरची मनःस्थिती समजते. ही वास्तू पूर्णपणे देशी नाही आणि विलायतीही नाही. कमानी, मनोरे आणि नक्षीकाम यांची तिच्यावर अशी दाटी आहे की पाहणाऱ्याने आधी कोठे पाहावे हे ठरविणे कठीण व्हावे. काही जाणकारांस ही संपत्तीची उधळण वाटते. मला वाटते की ज्या गावात राजवाडा नव्हता त्या गावातील एका वाण्याने तो बांधून टाकला, आणि त्यास थोडीफार अतिशयोक्ती क्षम्य आहे.

पण वाडे बांधणाऱ्यांची घराणी तेवढी नामांकित आणि माग चालविणाऱ्यांची नाहीत, असे मानणे सोलापुरात तरी अन्यायाचे होईल. तेलंगणातील पद्मशाली विणकर येथे पेशवाईपासून येत राहिले आणि रेल्वेनंतर तर त्यांची रीघ लागली. पूर्व भागात शिरले म्हणजे दुकानांच्या पाट्यांवर तेलुगू अक्षरे दिसतात, घराच्या पडवीत माग असतो, आणि त्याच घरातील बायका सुपात तंबाखू घेऊन विड्या वळीत असतात. श्रावणातील नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा निम्मे शहर रस्त्यावर उतरते. लुगडी आणि धोतरे विणणारा हा समाज पुढे जेकार्डच्या साहाय्याने चादरीकडे वळला. फुले, मोर आणि वेलबुट्टीची ती जाड सुती चादर आज भौगोलिक चिन्हांकनाने संरक्षित आहे. हातमागाच्या धंद्यात सूत देणारा कारखानदार व मजुरीवर विणणारा असामी यांचे नाते कसे होते, कर्ज कसे चढत असे आणि एका पिढीचे देणे दुसऱ्या पिढीच्या मानेवर कसे बसे, हे पुण्याच्या गोखले संस्थेने १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, रा. गो. काकडे यांच्या पाहणीत नमूद आहे. कालचा असामी आज कारखानदार झाला, अशी कुटुंबेही या समाजात आहेत, आणि वंशावळीचा अभिमान बाळगण्याचा अधिकार कोणास असेल तर तो त्यांना आहे.

१९३० साली या सर्व घराण्यांची एकदम परीक्षा झाली. ६ एप्रिलला नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज चढविण्यात आला. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाल्याची वार्ता येताच गिरण्या आणि दुकाने बंद पडली. ८ मे रोजी रूपाभवानीच्या परिसरातील शिंदीची झाडे तोडण्यास निघालेल्या जमावावर गोळीबार झाला, शंकर शिवदारे हा तरुण धारातीर्थी पडला. क्षुब्ध जमावाने मंगळवार पेठेतील चौकी पेटविली, पोलीस मारले गेले, कचेरी जाळण्यात आली. त्यानंतर दोन-तीन दिवस सरकारचा अंमल शहरातून जणू उठून गेला. ज्यांना राजा असा कधी मिळालाच नव्हता त्या सोलापूरकरांनी हे दिवस बाजार उघडा ठेवून आणि काँग्रेसच्या स्वयंसेवकांकरवी चौकांत बंदोबस्त राखून काढले. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला आणि तो जूनअखेर चालला. राष्ट्रध्वज बाळगणे हा गुन्हा ठरला, आणि नगराध्यक्ष माणिकचंद शहा यांच्यासारख्या प्रतिष्ठित व्यापाऱ्यासही तुरुंगाची वाट धरावी लागली. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी देण्यात आले. त्या दिवसांत गड्ड्याची यात्रा तोंडावर आली होती. चार आडनावे चार समाजांची. कोणत्याही वकिलाने किंवा चरित्रकाराने मुद्दाम निवड करावयाची म्हटली असती तरी या शहराची याहून नेमकी निवड त्यास करता आली नसती.

याच शहरात १० ऑक्टोबर १९१० रोजी, गिरणीत नोकरी करणाऱ्या शांताराम कोटणिसांच्या घरी द्वारकानाथ जन्मले. मुंबईस वैद्यकी शिकून ते १९३८ मध्ये काँग्रेसने पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, जपान्यांशी लढणाऱ्या चिनी सैनिकांची शुश्रूषा करता करता तेथेच कुओ चिंगलान या परिचारिकेशी विवाहबद्ध झाले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी कालवश झाले. भैय्या चौकातील त्यांच्या स्मारकाला चिनी पाहुणे येऊन हार घालून जातात तेव्हा आसपासचा भाजीवाला आपली गाडी क्षणभर बाजूला घेतो.

स्वातंत्र्यानंतर गिरणीमालकांचा दबदबा फार लवकर ओसरला. ऑगस्ट १९४९ मध्ये जुनी गिरणी व्यवस्थापनाने बंद केली. हजारो मजूर रस्त्यावर आले आणि १९५० च्या जानेवारीत, राज्यघटना अंमलात येण्यास थोडे दिवस उरले असताना, केंद्र सरकारने वटहुकूम काढून गिरणीचा ताबा घेतला. भागधारक नव्या सर्वोच्च न्यायालयात गेले. चिरंजितलाल चौधरींचा दावा डिसेंबर १९५० मध्ये फेटाळण्यात आला. पण पुढे द्वारकादास श्रीनिवास यांच्या खटल्यात, मोबदला न देता मालमत्ता अशी हिरावून घेता येणार नाही, असा निवाडा झाला. मूलभूत हक्कांच्या कायद्याचा अभ्यास करणारा विद्यार्थी आजही सोलापूरचे नाव प्रथम वाचतो ते या दोन खटल्यांत. शतक संपण्याच्या सुमारास बहुतेक गिरण्यांचे भोंगे थांबले होते, आणि त्यांच्या जागांचे भाव मात्र चढले होते.

वारदांचे इंद्रभुवन कालांतराने नगरपालिकेकडे आले, आणि १९६४ साली महानगरपालिका झाल्यावर तिचा कारभार त्या मनोऱ्यांखाली चालू लागला. पुष्कळ वर्षे सोलापूरकर जन्ममृत्यूच्या दाखल्यासाठी आणि घरपट्टीच्या तक्रारीसाठी त्याच नक्षीदार कमानींतून आत जात, वर न पाहता.